मिलिंद, तुझी केस अजून बोर्डावर आहे

मिलिंद, आज तुला जाऊन बावीस दिवस झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, गावाकडची माणसं आली, रडली, जेवली आणि परतीच्या गाडीनं गेलीसुद्धा. आता सुरतेतल्या उधन्याच्या या खोलीत मी आहे आणि तुझी ती कागदांची पत्र्याची पेटी आहे. पेटीवर तुझा टॉवेल अजून तसाच पडलाय. रोज ठरवते, आज धुवायला टाकू. होत नाही माझ्यानं.

काल शाळेतून घरी आले तर दीनाबेन वकील दारात उभ्या. एवढ्या उन्हात अठवा लाइन्सच्या कोर्टातून सरळ इकडे आलेल्या. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बेन, हायकोर्टात अर्ज मिलिंदभाईच्या नावावर आहे. अर्जदारच राहिला नाही. नव्वद दिवसांत वारसानं नाव लावलं नाही तर अर्ज आपोआप संपतो. आणि वारस तर तुम्ही एकट्याच." त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

दुसरा कागद माझ्याकडे आधीपासूनच आहे. तुला ठाऊक आहे कुठला. ट्रेझरीत भरायचं चलन, तुझ्या शिक्षणाच्या सरकारी कर्जाचं. ते भरलं की सरकारचं तोंड बंद, माझ्या जिवाला शांतता आणि तुझी केस संपली. दीनाबेनच्या कागदावर सही केली तर सगळं पुन्हा चालू. तारखा, अहमदाबाद, गाडी, वकील. मेल्या, जाताना तरी काही सोपं ठेवून जायचंस! बघ, तुला मेल्या म्हणायची वीस वर्षांची सवय, आणि आता तो शब्द तोंडातून गेला की मीच जीभ चावते.

हे सगळं सुरू झालं ते माझ्याच एका सहीनं. तुला दहावीला गणितात किती पडले ते मी अख्ख्या चाळीला सांगून आले होते. आई-बाबा दोघंही नव्हते, मी नुकतीच महापालिकेच्या मराठी शाळेत लागले होते, आणि तुला कापडाच्या इंजिनियरिंगचा डिप्लोमा करायचा होता. फुकटची शिष्यवृत्ती मिळेल म्हणून आपण दोघं जातीचा दाखला घेऊन गेलो. खिडकीतल्या माणसानं तो दोन बोटांनी परत सरकवला. "धुलियानो छे. अहीं ना चाले." तुझा जन्म सुरतेचा, दूधपावडर सुरतेची, शाळा सुरतेची, पण दाखला धुळ्याचा. मग त्यानंच दुसरा फॉर्म दिला. पैसे सरकारच देणार, पण कर्ज म्हणून, नोकरी लागली की परत करायचे. जामीन लागणार होता. मी फळ्यावर लिहिते तशा वळणदार अक्षरात सही केली. तेव्हा कोणी मला विचारलं असतं की जामीन म्हणजे काय, तर मी म्हटलं असतं, मोठी बहीण.

तू शिकलास, दुसऱ्याच्या शेडमध्ये चार वर्षं राबलास आणि मग स्वतःचं लूमचं खातं टाकलंस. इथं लूमच्या शेडला खातंच म्हणतात, हे मला गावाकडच्या पाहुण्यांना दर वेळी समजावून सांगावं लागायचं. चार लूम, भाड्याची शेड, पत्र्याचं छप्पर, आणि तो आवाज! दहा मिनिटं आत उभं राहिलं की डोकं उठायचं. तुम्ही लोक मात्र त्यात आरामात गप्पा मारायचात. आवाज न करता, नुसते ओठ हलवून. या टोकाचा ओरिसाचा कारागीर त्या टोकाच्या आपल्या खानदेशी माणसाला सांगायचा, ताण्याच्या सुताचा बीम संपत आलाय, आणि तो मान हलवायचा. मी म्हणायचे, ही काय माकडांची शाळा आहे! तू हसायचास. आणि घरी आल्यावर मात्र एवढा मोठ्यानं बोलायचास की शेजारी विचारायचे, बाई, आज भांडण का? मी म्हणायचे, नाही हो, मास्तर जेवायला मागतायत. तुझे कारागीर तुला मास्तर म्हणायचे. माझ्या घरात एक बाई, एक मास्तर, आणि शाळा मात्र एकच.

दार ढकलतानाच तू ओरडायचास, "आक्का, भूक लागनी!" आपण बाहेर कितीही गुजराती-हिंदी बोललो तरी पोटाची भाषा अहिराणीच. आता कोणी असं ओरडत नाही. मी दोन भाकऱ्या थापते, एक उरते, ती सकाळी दूधवाल्याच्या म्हशीला जाते. मला राग येतो, त्या भाकरीचासुद्धा.

मग ते प्लेगचं वर्ष आलं. तोंडाला रुमाल बांधून अर्धी सुरत स्टेशनकडे निघाली होती. तुझे कारागीर गाठोडी घेऊन तुझ्या शेडसमोर उभे राहिले. तुझ्याकडे त्या आठवड्यात विकलेल्या कापडाचे पैसे होते आणि ते सूतवाल्या शेठला द्यायचे होते. तू ते शेठला दिले नाहीस. एकेका माणसाला बोलावून त्याची मजुरी हातावर ठेवलीस, वर गाडीभाडं दिलंस. घरी येऊन मला सांगितलंस तेव्हा मी पण म्हटलं होतं, बरं केलंस. हे मी विसरलेली नाही. पुढं तुला त्यावरून बोलले तेव्हा मात्र मी ते सोयीनं विसरले होते.

दोन महिने लूम बंद राहिले. माणसं परतली ती दुसरीकडे लागली. कापडाचा व्यापारी हात वर करून मोकळा झाला, शेठनं तगादा लावला, शेडचं भाडं थकलं. लूम विकूनही भागेना. शेवटी तू जिल्हा कोर्टात नादारीचा अर्ज टाकलास. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. शाळेच्या फाटकाशी एका मुलाची आई दुसरीला म्हणाली, "बेनना भाईए देवाळुं फूंक्युं." बाईंच्या भावानं दिवाळं काढलं, हे मी ऐकलं. त्या दिवशी वर्गात मी पोरांना विनाकारण उठाबशा काढायला लावल्या. घरी येऊन तुला म्हटलं, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. तू म्हणालास, "आक्का, मी शहाणा असतो तर लूम घेतले असते का?" आणि मी हसले. तू असाच होतास, ऐन भांडणात माणसाला हसवायचास आणि मग आपलं तेच खरं करायचास.

त्या कोर्टात तू जे केलंस ते मात्र मला कधी पचलं नाही. म्हणजे तेव्हा नाही पचलं. शेठच्या वकिलानं पकडलं ते नेमकं तुझ्या त्या चांगुलपणाला. नादारीचा अर्ज टाकायच्या आधी तीन महिन्यांत तू एकाचं येणं आधी दिलंस, दुसऱ्याचं ठेवलंस, हा कायद्यानं दोष. दीनाबेननी तुला आदल्या दिवशी सुचवलं होतं, तारीख आठवत नाही एवढंच म्हण. मागच्या बाकावर मी बसले होते आणि मनात म्हणत होते, म्हण रे बाबा, आठवत नाही म्हण. तू उभा राहिलास आणि तारीख सांगितलीस, वार सांगितलास, कोणाला दिले त्यांची नावं सांगितलीस. मग त्या वकिलानं विचारलं, शेठच्या आधी कामगारांना का? तू लूमच्या शेडमध्ये बोलावं तसं मोठ्यानं म्हणालास, "शेठला माझा पत्ता माहीत होता, साहेब. ती माणसं गेली असती तर त्यांचा पत्ता मला माहीत नव्हता."

 न्यायाधीशांनी तुझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. आणि तरी तुझी सुटका एक वर्षानं लांबवली. एक वर्ष! खरं बोलायचं बक्षीस. मी घरी येईपर्यंत रिक्षात तुझ्याशी बोलले नाही. आपल्या माणसांची ही जुनीच खोड आहे. गाववाल्याचं, बरोबर राबणाऱ्याचं आधी द्यायचं, मोठ्याचं मागाहून. कायदा म्हणतो सगळे घेणेकरी सारखे. आपल्याला ते कोणी शिकवलंच नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी तू ऐकलं नसतंस. तेव्हा मी हे म्हणाले नाही, आज म्हणते. त्या मागच्या बाकावर मला तुझा फार अभिमान वाटला होता.

वर्ष सरलं, तू नादारीतून मोकळा झालास. शेठचं देणं सुटलं, शेडवाल्याचं सुटलं. मी पोरांना खाऊ वाटला, काय निमित्त ते सांगितलं नाही. आणि आठवड्याभरात हेडमास्तरांनी मला बोलावून एक सरकारी पाकीट दाखवलं. तुझं शिक्षणाचं कर्ज. नादारीतून माणूस सुटला तरी सरकारचं येणं सुटत नाही, कायद्यात तसंच लिहिलंय. तुझ्याकडे घ्यायला काही नाही, म्हणून जामीनदाराच्या पगारातून कापा. हेडमास्तर बिचारे खाली मान घालून बोलत होते. स्टाफरूममध्ये परत न जाता मी सरळ वर्गात गेले. भीतीनं नाही, लाजेनं.

मी सरळ बाई आहे, मिलिंद. मी म्हटलं, कापू दे, नाहीतर मी फंडातून काढते आणि एकदम भरून टाकते. तू ताटावरून उठलास. "आक्का, तू भरलंस तर प्रश्नच मिटतो. मला तो मिटवायचा नाही." आणि पेटीतून घटनेचं ते मराठी पुस्तक काढून बसलास, जे आपल्या घरात मी पाचवीत असल्यापासून आहे आणि जे मी फक्त धूळ झटकायला उचलत होते.

काय ते भांडण आपलं! दोन वर्षं चाललं. तू म्हणायचास, शेठकडून उधार सूत घेतलं ते कोर्ट माफ करतं. उद्या एखाद्यानं चैनीसाठी उसने घेतले आणि बुडाला, तर तेही माफ. मग शिकायला घेतलं तेवढंच मरेपर्यंत मानगुटीला का? समोर सावकार असला तर बुडालेला माणूस सुटतो, समोर सरकार असलं तर सुटत नाही, ही कुठली समानता? चौदावं कलम मग कशाला लिहिलं? आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून विचारायचास, "तुले पटस का?"

मी म्हणायचे, नाही पटत. सरकारचं म्हणजे कोणाचं रे? माझ्या वर्गातल्या पोरांचं. तू परत केलंस तर पुढच्या पोराला मिळेल. बुडवायला तुला लाज नाही वाटत? तू म्हणायचास, ज्याला देता येतं त्यानं द्यायलाच पाहिजे, न दिलं तर त्याच्या लूमला कुलूप लावा. पण जो खरंच बुडाला, ज्याची कोर्टानं वर्षभर झडती घेतली आणि ज्याच्याकडे काही सापडलं नाही, त्याला पुन्हा उभं राहायचा हक्क एकाला आहे नि एकाला नाही, असं कसं? मी म्हणायचे, पालथ्या घड्यावर पाणी. तू म्हणायचास, घडा कोणाचा पालथा, ते हायकोर्ट सांगेल.

खरं सांगू? मला ती भांडणं हवी असायची. थंडीत तू तापीकाठावरून पोंक आणायचास, तो कोवळ्या ज्वारीचा हुरडा, वर शेव आणि लिंबू, आणि आपण एकाच कागदावर तो खात भांडायचो. तू मुद्दा सांगायच्या नादात खायचा राहायचास आणि शेव मी संपवायचे. मग तुझ्या लक्षात यायचं. "ही बघा सरकारची वसुली!" इतका हसायचास की तुला ठसका लागायचा. पुढच्या थंडीत मी तापीकाठावर जाणार नाही. सांगून ठेवते.

तू अहमदाबादला गेलास, दीनाबेनबरोबर, पहाटेच्या गाडीनं, मी बांधून दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन. अर्ज दाखल करून घेतात की तिथल्या तिथं फेकतात, त्याचा दिवस होता. संध्याकाळी परत आलास तो नाचतच. म्हणालास, "आक्का, मी एकदम मागं बसलो होतो. दोघा न्यायमूर्तींपैकी एक दुसऱ्याकडे वाकले आणि ओठातल्या ओठात म्हणाले, वातमां दम छे! मुद्द्यात दम आहे म्हणे!" मी म्हटलं, एवढ्या लांबून तुला ऐकू आलं? म्हणालास, ऐकलं कुठं, वाचलं. लूमवर दहा वर्षं काढली ती काय फुकट? अख्ख्या हायकोर्टात ते एकट्या मला कळलं. अर्ज दाखल झाला होता. दीनाबेनसुद्धा खूश होत्या. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, ठेच्याचा डबा धुवायला टाक.

का म्हणाले असेन मी असं? एक शब्द चांगला बोलले असते तर माझं काय गेलं असतं?

आता शेवटचं भांडण. ते लिहायचं टाळत होते. पण तुला सोडून मी हे कोणाला सांगणार? तू हायकोर्टात अर्ज टाकायच्या आधीच मी तुला बजावलं होतं, कोर्टाच्या कागदावर माझं नाव आलं तर तुझं तोंड बघणार नाही. मला शाळेत मान आहे, माझ्या नावाचा तमाशा नको. तू बरं म्हणालास. पुढं शाळेतून पगार कापायचं काही निघालं नाही. हेडमास्तर एकदा म्हणाले, वरून थांबवलंय. मी समजले, सरकारी कागद आहे, बसला असेल कुठंतरी पाय दुमडून. पण आज ना उद्या उठेल ही धास्ती होतीच. म्हणून मी फंडाचे पैसे काढले, चलन लिहून आणलं आणि ते तुझ्या नजरेला पडलं.

तू हात जोडलेस, मिलिंद. माझ्यासमोर कधी जोडले नव्हतेस. "आक्का, भरू नको. तू भरलंस की माझी केस मेली. थोडे दिवस थांब." आणि मी म्हणाले ते वाक्य, जे बावीस दिवस माझ्या कानात आहे. मी म्हणाले, "तुझं काय रे, तू जिंकलास तर तू सुटशील. जामीनदार कुठं सुटतो? अडकणार मी. स्वतःपुरतं बघायला तुला बरं जमतं!"

 तोंड उघडलंस, मिटलंस. अर्धी भाकरी ताटात ठेवलीस, हात धुतलेस आणि कामावर गेलास. दुसऱ्याच्या शेडमध्ये मास्तर म्हणून.

तिसऱ्या दिवशी ताप भरला. सुरतेत मलेरिया कोणाला होत नाही? मी म्हटलं, गोळ्या घे, झोप. तापानं तू बडबडायला लागलास तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले मेंदूत गेलाय. मी तुझ्या उशाशी बसून होते, आणि पाचव्या दिवशी दुपारी तू डोळे उघडलेस. शुद्धीत होतास. मला ओळखलंस. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. आतून तुझे ओठ हलले. दोनदा. मी वाकून कान लावला, पण आवाज नव्हताच त्यात. तू लूमवर बोलतात तसं बोललास, मला कळेल असं समजून. आणि मला येत नाही रे ते! आयुष्यभर तुझ्या खात्याला नावं ठेवली, माकडांची शाळा म्हटलं, आणि तुझं शेवटचं बोलणं मला वाचता आलं नाही. मी नुसती मान हलवली. कळल्यासारखी. तू डोळे मिटलेस. मी खोटं बोलले तुझ्याशी, तेवढं एक.

आईनं मरताना मला सांगितलं होतं, कर्ज डोक्यावर ठेवून माणसानं जाऊ नये. मी तेच धरून बसले होते. आणि तू तसाच गेलास. लोक म्हणाले, सुटला बिचारा. त्यांना काय ठाऊक, तुला सुटायचं नव्हतं, तुला जिंकायचं होतं.

काल दीनाबेनना मी स्पष्ट सांगितलं. म्हटलं, बेन, तुम्ही त्याला भरीला घातलंत. मला ही केस कधीच पटली नाही. त्यात माझा काही फायदा नाही आणि ज्याचा होता तो गेला. मी चलन भरणार. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग विचारलं, "तुम्ही अर्ज वाचलाच नाही?" मी म्हटलं, इंग्रजीतला जाड गठ्ठा, कोण वाचणार! "मिलिंदभाईनं सांगितलं नाही?" म्हटलं, नाही.

त्यांनी अर्ज उघडला आणि शेवटच्या पानावरच्या मागण्या मला गुजरातीत समजावून सांगितल्या. दोन होत्या. सरकारचं येणं सुटत नाही ते कलम रद्द करा, ही दुसरी. पहिली वेगळीच होती. जिनं शिक्षणासाठी जामीन दिला त्या अर्जदाराच्या मोठ्या बहिणीकडून, जी प्राथमिक शिक्षिका आहे, कसलीही वसुली करू नये, तिला मोकळं करावं, आणि निकाल लागेपर्यंत तिच्या पगाराला हात लावू नये. कुठंही माझं नाव नव्हतं. मोठी बहीण, एवढंच.

दीनाबेन म्हणाल्या, "मी त्याला सांगितलं होतं, ही मागणी कच्ची आहे, हिच्यामुळे बाकीची केस लंगडी पडेल, काढून टाकू. तो म्हणाला, ही काढायची तर अर्जच नको. म्हणाला, मी बुडालो ते माझ्या धंद्यानं, आक्का का बुडेल?" आणि मग त्यांनी मला विचारलं, "तुमचा पगार कापला गेला का कधी? अर्ज दाखल झाला त्याच दिवशी कोर्टानं स्टे दिला होता."

मिलिंद, तो कागद कुठं बसला नव्हता. तू तो धरून ठेवला होतास. दोन वर्षं दर महिन्याला मी पूर्ण पगार मोजून घेतला आणि घरी येऊन तुला ऐकवलं. माझं नाव घालू नको म्हणाले, म्हणून तू मला सांगितलंही नाहीस. स्वतःपुरतं बघतोस म्हणाले, तेव्हाही सांगितलं नाहीस. एवढा कसला रे हट्ट! एकदा ओरडून सांगायचंस ना. अख्ख्या चाळीला ऐकू जाईल एवढा आवाज होता तुला.

दीनाबेन बसून होत्या. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, परत धुतलं. मग बाहेर येऊन म्हटलं, "बेन, मला अजूनही वाटतं सरकारचे पैसे परत करावेत. ज्याला जमेल त्यानं. हे कुठं लिहिता येईल का?" त्या म्हणाल्या, नाही, अर्जदार आपल्याच अर्जाविरुद्ध लिहीत नाही. मी म्हटलं, बरं. मग नका लिहू.

पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मी किरकोळ रजा टाकली आहे, अहमदाबादला मी स्वतः जाणार. चलन फाडलेलं नाही, पण भरणारही नाही. तुझं म्हणणं मला सगळं पटलंय असं समजू नकोस. पण भांडणाला दोन बाजू लागतात, आणि तुझ्या बाजूला आता कोणी उरलं नाही. माझी बाजू सांभाळायला सरकार समर्थ आहे, त्यांच्याकडे वकील खूप. म्हणून मी तुझ्याकडे आले.

सही केली, रे. पूर्ण नावानं.